काराकोरम खिंड

काराकोरम खिंड : लडाखमधील लेह ते पूर्व तुर्कस्तानातील (आजचा शिंज्यांग) यार्कंद या जुन्या व्यापारी मार्गावरील सर्वांत उंच खिंड. उंची सु. ५,५४० मी.; जुन्या नोंदींत ५,५७५ मी. असाही आकडा आढळतो. खिंड काराकोरमच्या हिमाच्छादित मुख्य रांगेवर नसून तिच्या उत्तरेकडील जलविभाजकावर आहे. दक्षिण उतारावरील पाणी श्योक नदीमार्गे सिंधूला मिळते, उत्तरेकडील यार्कंद नदीतून तारीमच्या वाळवंटाकडे जाते.

चिनी यात्रेकरू फाहियान (इ. स. सु. ४००) या खिंडीतून आला का, हा जुना वाद आहे. खोतानहून निघाल्यावर तो ज्या ‘किए-छा’ प्रदेशात पोहोचला, तो फाहियानच्या प्रवासवृत्ताचे इंग्रजी अनुवादक जेम्स लेग यांनी लडाख मानला. तसे असल्यास ही खिंड संभवते. मात्र वाटेत त्सुंग-लिंगचा (पामीरकडील पर्वतांचे चिनी नाव) उल्लेख असल्याने पामीरकडची वाट अधिक ग्राह्य वाटते. सोळाव्या शतकातील सेनानी व इतिहासकार मिर्झा हैदरच्या ‘तारीख-इ-रशीदी’त या भागातील ‘दमगिरी’चे, म्हणजे विरळ हवेच्या विकाराचे वर्णन आहे, लडाखहून परतताना १५३३ मध्ये यार्कंदचा शासक सुलतान सैद खान याच विकाराने दगावला.

खिंडीचा चढ सौम्य आणि हवा कोरडी, त्यामुळे बर्फ कमी. खरी अडचण लेहच्या बाजूच्या सासेर ला या खिंडीची. तिथल्या हिमनदीवर तट्टे घसरत, म्हणून माल याकांवर चढवीत. पुढे देपसांगच्या पठारावर चारा नाही. सरपण म्हणजे बुर्त्सा झुडपाची मुळे. जनावरांचे धान्य सोबत न्यावे लागे. ते कमी घेऊन माल वाढवला, की उपास आणि विरळ हवा यांनी तट्टे कोसळत. त्यांच्या सांगाड्यांवरून वाट ओळखू येई. हिवाळ्यात गोठलेल्या श्योकच्या पात्रातून जाऊन सासेर टाळता येई. उन्हाळ्यात पुरामुळे ही वाट बंद.

ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ टॉमस टॉमसन १८४८ मध्ये खिंडीच्या माथ्यापर्यंत जाऊन परतला. यूरोपीयांपैकी प्रथम पलीकडे उतरण्याचा मान १८५६ मध्ये वेषांतर करून गेलेल्या जर्मन संशोधक हेर्मान आणि रोबेर्ट श्लागिन्टव्हाइट बंधूंकडे जातो. १८६३ मध्ये भारतीय सर्वेक्षण खात्यातील अधिकारी माँटगोमेरीने यार्कंदला पाठवलेला मुन्शी मोहंमद-इ-हमीद परतीच्या वाटेवर मरण पावला. यार्कंदला गेलेल्या ब्रिटिश फोर्साइथ शिष्टमंडळातील भूवैज्ञानिक स्तोलिच्का परतताना खिंड ओलांडून आला आणि १९ जून १८७४ रोजी लडाखमधील मुर्गो येथे वारला.

१९४९ नंतर हा व्यापारी मार्ग बंद पडला. खिंड आज भारत–चीन सीमेवर आहे.