स्पोअर मेला की नुसता गप्प बसला?

औषधांच्या फॅक्टरीत क्लीनरूममधली (धूळ-जंतू अगदी कमी ठेवलेल्या खोलीतली) टेबलं, भिंती रोज अल्कोहोलने पुसली जातात आणि पुष्कळांना वाटतं की झालं, सगळे जंतू मेले. साधे बॅक्टेरिया मरतातही, पण बॅसिलस नावाच्या बॅक्टेरियाचे स्पोअर, म्हणजे वाईट दिवस काढायला त्याने घेतलेला कडक, झोपलेला अवतार, ७० टक्के अल्कोहोलमध्येसुद्धा जिवंत राहतात, म्हणून तर स्टराइल (जंतूविरहित) एरियात वापरायचं अल्कोहोलच आधी बारीक फिल्टरमधून गाळून घ्यावं लागतं. स्पोअरच्या आत पाणी अगदी कमी, कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक ॲसिड ठासून भरलेलं, वरून प्रोटीनचं जाड कवच. त्याला मारायचं तर हायड्रोजन पेरॉक्साइड, पेरॅसिटिक ॲसिड किंवा क्लोरीनवालं काहीतरी लागतं. युरोपच्या जीएमपीमधलं (औषधं बनवायच्या नियमांमधलं) २०२२ चं ॲनेक्स १ हे परिशिष्ट तर सरळ सांगतं, अधूनमधून स्पोरिसाइड, म्हणजे स्पोअर मारणारं केमिकल, वापरायलाच हवं.

पण बाटलीवर स्पोरिसाइड लिहिलंय म्हणून विश्वास ठेवायचा का? नाही. द्रवात तरंगणारा स्पोअर मारणं वेगळं आणि चरे पडलेल्या व्हिनाइलवर वाळून चिकटलेला मारणं वेगळं. म्हणून खोलीत जे मटेरियल आहे, स्टील, काच, इपॉक्सी, त्याचेच छोटे तुकडे घेतात, त्यांना कूपन म्हणतात, साधारण ५ बाय ५ सेंटिमीटरचे. त्यावर स्पोअर टाकायचे, वाळू द्यायचे, वर डिसइन्फेक्टंट, ठरलेली मिनिटं थांबायचं, मग उरलेले जिवंत स्पोअर काढून मोजायचे.

खरी गोम इथेच आहे. वेळ संपल्यावर केमिकल तिथल्या तिथे थांबवलं नाही तर ते थोडंफार जंतू वाढवून मोजायच्या प्लेटमध्येही जातं, तिथे स्पोअरला उगवू देत नाही, प्लेट कोरी दिसते आणि आपण खूश, पण स्पोअर मेलेलाच नसतो! म्हणून न्यूट्रलायझर, म्हणजे केमिकलचा असर थांबवणारा पदार्थ, घालतात, क्लोरीनला सोडियम थायोसल्फेट, पेरॉक्साइडला कॅटालेज, आणि हा न्यूट्रलायझर स्वतःच जंतूंना मारत नाही ना हेही वेगळं तपासावं लागतं. माझ्या मते रिपोर्ट हातात आला की आधी हेच पान उघडावं. सोबत डिसइन्फेक्टंट न लावलेलं कंट्रोल कूपन पाहिजेच, कारण टाकलेले सगळे स्पोअर कधीच परत निघत नाहीत, ते चिकटून राहिले तर मेले असंच वाटेल.

अमेरिकन फार्माकोपियाच्या (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत पुस्तकाच्या) १०७२ नंबरच्या चॅप्टरमध्ये बॅक्टेरियाच्या स्पोअरसाठी २ लॉगची घट सांगितलीय (१ लॉग म्हणजे दहापट कमी), म्हणजे १० लाखांतले १० हजार उरले तरी पास. ऐकायला ढिलं वाटतं, पण चांगल्या क्लीनरूममध्ये एवढ्या जागेवर लाखो जंतू नसतातच, असले तर एखाद-दुसरा. फक्त विकतच्या स्ट्रेनवर (जंतूच्या ठरावीक वाणावर) टेस्ट करून थांबू नका, तुमच्याच खोलीत सापडलेला बॅसिलसही कूपनवर टाका, तो कधीकधी जास्त चिवट निघतो.