वीस किलोमीटरसाठी पायात काय घालावं?

स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. ताशी ३० किलोमीटरचा वेग धरला तर सायकलचा टप्पा ४० मिनिटांत, म्हणजे २४०० सेकंदांत संपतो. पेडल आणि शूज निवडताना हा आकडा समोर ठेवावा. सायकलचे शूज काढून धावण्याचे चढवायला ३० सेकंद गेले, तर ते भरून काढायला सायकलचा सरासरी वेग ३० वरून ३०.४ वर न्यावा लागतो. सायकल १० किलोमीटरच असेल, तर तेच ३० सेकंद दुपटीने महाग पडतात.

मग प्रश्न असा, की सायकलचे खास शूज तेवढा वेग मिळवून देतात का?

क्लीट (शूजच्या सोलला बोल्टने लावलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) असली की पेडल वर ओढता येतं आणि म्हणून वेग वाढतो, असं अनेकांना वाटतं. एका लयीत सायकल चालवताना तसं होत नाही. प्रयोगशाळेत मुद्दाम वर ओढायला लावलेल्या सायकलपटूंना तेवढ्याच ताकदीसाठी जास्त ऑक्सिजन लागला. वर येणाऱ्या पायाचं ओझं खाली जाणाऱ्या पायावर पडू न देणं एवढं पुरतं. क्लीटचा खरा फायदा वेगळाच आहे: पाय जागचा हलत नाही. मिनिटाला ९० फेरे मारताना, चढावर उभं राहून जोर लावताना आणि विशेषतः पोहून आल्यावर ओल्या तळव्याने पेडल मारताना पाय घसरत नाही, म्हणून सगळं लक्ष जोर लावण्याकडे राहतं.

दुसरा फरक सोलचा. २०० वॅट ताकद, ९० फेरे आणि १७० मिलिमीटरचा क्रँक (पेडल ज्याला लावलेलं असतं तो दांडा) धरला, तर पेडल फिरवणारं बल सरासरी १२५ न्यूटन, म्हणजे सुमारे १३ किलो वजनाइतकं येतं. पेडल खाली जाताना ते याच्या दुपटीच्या वर जातं, पण धावण्याच्या तुलनेत तेही थोडंच. धावताना ७० किलोच्या माणसाच्या एका पायावर क्षणभर १४० ते १७५ किलोंचा भार येतो. तो धक्का झेलायला फोम लागतो. सायकलवर झेलण्यासारखा धक्काच नसतो. तिथे तोच दाब चवड्याखाली एकाच जागी ४० मिनिटांत ३६०० वेळा पडतो. मऊ सोल दर वेळी थोडा दबतो आणि लहान पेडलवर दाब एका ठिपक्यात गोळा होतो. त्यातूनच चवड्याला आग होते, बोटांना मुंग्या येतात. कडक सोल हा दाब पसरवतो. तासाभराच्या आतल्या अंतरात मात्र बहुतेकांना हा त्रास सोसण्याजोगा असतो.

म्हणूनच पहिलीच शर्यत असेल आणि हातात दोनतीन आठवडेच असतील, तर सरळ धावण्याचे शूज आणि चांगले सपाट पेडल घ्यावेत. चांगले म्हणजे रुंद आणि वर धातूच्या बारीक खुंट्या असलेले. सायकलसोबत येणारे गुळगुळीत प्लास्टिकचे पेडल ओल्या शूजखाली साबणासारखे सरकतात. शूजला नाड्यांऐवजी इलॅस्टिकच्या नाड्या घालाव्यात. सैल नाडी चेनमध्ये अडकण्याची भीतीही त्याने जाते. पिंजरा आणि पट्टा असलेले जुन्या पद्धतीचे पेडल मी सुचवणार नाही. धावण्याच्या शूजचा पसरट सोल त्यात नीट बसत नाही, आणि पट्टा आवळला की ऐन वेळी पाय निघत नाही.

नियमित सायकल चालवणाऱ्याला मधला मार्ग उत्तम: दोन बोल्टची एसपीडी क्लीट आणि माउंटन बाइकचे शूज. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने ही पद्धत १९९० मध्ये आणली. क्लीट सोलच्या खाचेत दडलेली असते, त्यामुळे ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना, सायकल ढकलत पळता येतं. पेडल दोन्ही बाजूंनी सारखं असल्याने खाली न बघताही पाय अडकतो.

तीन बोल्टच्या रोड क्लीटचा पाया मोठा आणि पकड स्थिर. पण ती सोलबाहेर उठून दिसते आणि फरशीवर पळताना घसरते. त्यामुळे अनुभवी स्पर्धक शूज आधीच पेडलला अडकवून ठेवतात आणि अनवाणी पळत येतात. क्रँक आडवा ठेवून उजवा शूज पुढे, डावा मागे. टाचेच्या फासातून बारीक रबरबँड ओवून डावा शूज मागच्या चाकाच्या क्विक-रिलीजला (चाक सोडवायच्या खटक्याला) आणि उजवा पुढच्या डिरेल्यरला (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाला) बांधायचा. पहिल्या एकदोन फेऱ्यांत रबर तुटतात. जाड रबर तुटत नाहीत, आणि इथेच लोक फसतात. आधी शूजवर पाय ठेवून वेग घ्यायचा, मगच एकेक पाय आत सरकवायचा. शेवटच्या ३०० ते ५०० मीटरमध्ये पाय बाहेर काढून पुन्हा शूजवर ठेवायचे. ट्रायथलॉनच्या शूजचा पट्टा बाहेरच्या बाजूला उघडतो तो यासाठीच, म्हणजे उघडा पट्टा क्रँकला घासत नाही. हे सगळं मैदानात पन्नासदा करून हातात बसलं नसेल, तर शर्यतीत करू नये; वाचलेल्या दहा सेकंदांपेक्षा माउंट लाइनवरची, म्हणजे जिथून सायकलवर चढायचं त्या रेषेवरची पडझड महाग पडते.

आता बसवणी. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सोपी खूण: पाना वर उभा धरून वरचं टोक पुढच्या चाकाकडे वळवलं की दोन्ही पेडल आवळतात, मागे वळवलं की सुटतात. आट्यांना ग्रीस लावून पहिले तीनचार फेरे बोटांनीच द्यावेत. पान्याने सुरुवात केली आणि आटे तिरके बसले, तर ॲल्युमिनियमचा क्रँक वाया जातो.

क्लीट लावताना अंगठ्यामागचं आणि करंगळीमागचं हाड चाचपून शूजवर दोन खुणा कराव्यात. पेडलचा आस या दोन खुणांच्या मधे यावा. नंतर धावायचं असल्याने काही मिलिमीटर मागे गेलेला चालतो. त्याने पोटरीवरचा ताण कमी होतो. बोल्ट आलटून पालटून, ५ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. सैल राहिले तर क्लीट सोलवरच फिरते: टाच बाहेर वळवली तरी पेडल सोडत नाही, आणि सायकल उभी राहताच माणूस आडवा होतो. असं झालं तर ओढाताण न करता पट्टा उघडून पायच शूजमधून काढावा.

गुडघ्याला वळायला थोडी मोकळीक लागते. ती क्लीटच्या रंगावरून कळते, पण रंग कंपनीगणिक बदलतो. शिमानोच्या रोड क्लीटमध्ये पिवळी ६ अंश, निळी २ अंश आणि लाल शून्य. लूक कंपनीच्या कियो क्लीटमध्ये मात्र लाल ९ अंश, करडी साडेचार आणि काळी शून्य. म्हणजे एका कंपनीत जी लाल सर्वांत घट्ट, तीच दुसरीत सर्वांत मोकळी. नवशिक्याने शिमानोची पिवळी किंवा लूकची लाल घ्यावी.

पेडलची स्प्रिंग सुरुवातीला सर्वांत सैल ठेवावी. दोन्ही बाजूंच्या एसपीडी पेडलमध्ये प्रत्येक बाजूला वेगळा स्क्रू असतो, म्हणजे जोडीत चार. एकच सैल केला तर पाय कधी सहज सुटतो, कधी सुटतच नाही. भिंतीला टेकून प्रत्येक पाय तीसेक वेळा अडकवून सोडावा, मग गवतावर.

शूज बदलले की सीटची उंचीही तपासावी. सायकलच्या शूजचा सोल धावण्याच्या शूजपेक्षा पातळ असतो, त्यामुळे तीच सीट आता उंच वाटते आणि कंबर डावी-उजवीकडे डोलू लागते. ही डोलणी थांबेपर्यंत सीट दोनतीन मिलिमीटरच्या टप्प्याने खाली घ्यावी. पहिल्या सरावानंतर क्लीटचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशीही.