सदर्न कोझी आणि सदर्न गॉथिक: खून दोन्हीकडे, मग फरक काय?

आमच्या बुक क्लबने या वेळी ॲन जॉर्जचं 'मर्डर ऑन अ गर्ल्स नाइट आउट' (१९९६) घेतलं होतं. अमेरिकेच्या साउथमधली रहस्यकथा म्हटल्यावर निम्मी मंडळी गॉथिकच्याच तयारीने आलेली, म्हणजे पडका बंगला, वेडसर म्हातारी, दमट उकाडा वगैरे. निघालं भलतंच. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या दोन साठीतल्या बहिणी, एक रिटायर्ड टीचर पॅट्रिशिया ॲन, दुसरी मेरी ॲलिस, जिचे तीन श्रीमंत नवरे वारलेत आणि जिने हौस म्हणून सरळ एक कंट्री म्युझिकचा बारच विकत घेतलाय. लगेच बारच्या जुन्या मालकाचं प्रेत तिथल्याच विहिरीत, आणि तरी आपण हसतोय, कारण या दोघींची तूतू-मैंमैं थांबतच नाही.

हे कोझी. हौशी डिटेक्टिव्ह, रक्तपात पडद्याआड, खुनी सापडणार हे नक्की. या पुस्तकाला पहिल्या कादंबरीसाठीचं अगाथा अवॉर्डही (अशाच कोझी धाटणीच्या रहस्यकथांना देतात ते) मिळालंय.

आता गॉथिक बघा. अमेरिकी लेखक विल्यम फॉकनरची 'अ रोझ फॉर एमिली' ही १९३० ची कथा, मिसिसिपीतलं काल्पनिक गाव. एमिलीबाई दुकानात जाऊन आर्सेनिक, म्हणजे विष, मागतात, दुकानदार विचारतो कशासाठी, बाई नुसत्या रोखून बघतात आणि तो गपचूप पुडी बांधून देतो. नंतर घरातून वास यायला लागतो. आता खानदानी बाईला तोंडावर कोण सांगणार, म्हणून चार माणसं रात्री चोरासारखी जाऊन चुना टाकून येतात, बस्स. बाईंच्या प्रियकराचं प्रेत मिळतं ते बाई गेल्यावर, कित्येक वर्षांनी. (स्पॉयलर दिला, पण कथा नव्वदीच्या पुढची आहे, चालायचंच.)

कोझीमध्ये ती आर्सेनिकची पुडी दुसऱ्याच चॅप्टरमध्ये क्लू झाली असती आणि मेरी ॲलिस दुपारच्या आत दुकानदाराकडून सगळं वदवून घेऊन आली असती! माझ्या मते खरा फरक इथेच आहे. कोझीमध्ये गावाला नसत्या चौकशा असतात आणि त्याच कामी येतात, एक वाईट माणूस पकडला की गाव परत जेवायला मोकळं. गॉथिकमध्ये गाव बघतं, समजून चुकतं आणि गप्प बसतं, मग पकडायचं कुणाला?

बरेच लोक म्हणतात विनोदी असलं की कोझी. नाही हो. गॉथिकचीच लेखिका फ्लॅनरी ओकॉनर वाचा, 'अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड'मधली ती खवट आजी भयंकर विनोदी आहे, आणि मग अख्खं कुटुंब मारलं जातं, तेव्हा आपलं हसू घशातच अडकतं.

क्लबात एकीचा आक्षेप होता की बर्मिंगहॅम म्हणजे १९६३ मध्ये चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार काळ्या मुली मेल्या ते शहर, आणि इथे नुसती गंमत? मुद्दा खराच आहे. त्या जखमेत हात घालणं कोझीच्या आवाक्यातलं नाही, तिथे गॉथिकच हवं. पण दोन म्हाताऱ्या बहिणी एकमेकींना किती छळतात आणि तरी एकमेकींशिवाय राहू शकत नाहीत, हे ॲन जॉर्जने जे पकडलंय ते मला फॉकनरमध्ये नाही सापडायचं. पुढच्या वेळी ओकॉनर घेऊ म्हटलं तर तिघींनी बहिणींचंच पुढचं पुस्तक मागितलं, एकूण आठ आहेत म्हणे त्यांची, मग काय, तेच ठरलं.