मांगरात सीझनपुरता लाईट हवाय? आधी वॅट मोजा

कोकणात आंब्याचा सीझन आला की बागेतल्या मांगरात, म्हणजे तिथल्या खोपटात, दोन-अडीच महिने माणसाचा वावर असतो. राखणीला कोणीतरी झोपायला, क्रेट, पेंढा, आंबे पिकवायच्या आढ्या सगळं तिथंच, आणि मग लाईट पाहिजे म्हणून घरातून मिळेल ती वायर काढून फांद्यांवरून सुतळीनं बांधत मांगरापर्यंत नेली जाते. मला ह्या वायरीची खरंच काळजी वाटते. वाऱ्यानं फांदीवर घासून तिचं कव्हर सोलवटतं, मध्ये टेप मारलेले जॉइंट असतात, त्यात एखादी अवकाळी सर आली की झालं.

लोक म्हणतात एमसीबी आहे ना, जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, तो पडेल की. नाही पडत! ६ अँपिअरचा एमसीबी ६ च्या वर करंट गेल्याशिवाय हलणारच नाही, आणि २३० व्होल्टला ओल्या अंगातून जाणारा करंट असतो साधारण ०.१ ते ०.२ अँपिअर, म्हणजे एमसीबीला वाटतं एखादा बल्ब जास्तीचा लागला, पण माणसाचं हृदय बंद पडायला तेवढा पुरतो. अर्थिंगचंही तसंच, मे महिन्यात जांभा कोरडाठाक असतो, त्यात ठोकलेल्या रॉडचा रेझिस्टन्स समजा १०० ओहम भरला तर पंख्याच्या बॉडीत करंट उतरूनही जमिनीत जाणार जेमतेम २.३ अँपिअर, एमसीबी ढिम्म. हे पकडतो आरसीसीबी नावाचा दुसरा स्विच, ३० मिलिअँपिअरवाला, म्हणजे ०.०३ अँपिअरचा. गेलेला करंट तेवढाच परत आला का एवढंच तो बघतो आणि फरक दिसला की क्षणात लाईन तोडतो. घरातून वायर न्यायचीच असेल तर आधी हा बसवा, तोही लायसनवाल्या वायरमनकडून.

बरं, मग घरीच १२ व्होल्टची बॅटरी ठेवली आणि तिथून वायर नेली तर? शॉकचा धोका जवळजवळ जातो हे खरं, पण अडचण दुसरीच येते. समजा मांगर ३० मीटरवर आहे आणि लोड आहे ३६ वॅट. १२ व्होल्टला त्यासाठी ३ अँपिअर लागतात. १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर जाऊन-येऊन ६० मीटर झाली की तिचा रेझिस्टन्स होतो साधारण १ ओहम, म्हणजे ३ व्होल्ट वायरच खाणार आणि मांगरात पोचणार ९, पंखा रडतखडत फिरणार. तोच लोड २३० व्होल्टवर चालवला तर करंट लागतो ०.१६ अँपिअर आणि वायरीत जातो पाव व्होल्टसुद्धा नाही. वायरीतलं नुकसान करंटच्या वर्गानं वाढतं, करंट दुप्पट झाला की नुकसान चौपट. १८८२ मध्ये एडिसननं न्यूयॉर्कमध्ये ११० व्होल्ट डीसीची (बॅटरीसारखी एकाच दिशेनं वाहणारी) वीज द्यायला सुरुवात केली तेव्हा पॉवरहाऊसपासून मैलभराच्या पुढं ती परवडायचीच नाही, ती ह्याच कारणानं. आणि १९१५ मध्ये टाटांनी खोपोलीची वीज थेट मुंबईला आणली ती लाखभर व्होल्टवर.

म्हणून माझं म्हणणं, एवढ्याशा लोडसाठी लांबून वायर आणूच नका, सोलर पॅनल आणि बॅटरी लावून वीज मांगरातच तयार करा. ५ वॅटचे दोन एलईडी चार तास म्हणजे ४० वॅट-अवर, १५ वॅटचा डीसी पंखा रात्रभर आठ तास म्हणजे १२०, दोन मोबाईलचे ४०, झाले २००. १२.८ व्होल्ट २० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी २५६ देते, पुरते. लेड-ॲसिड घेतली तर ४० अँपिअर-अवरची घ्या, कारण ती रोज निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. गाडीची जुनी बॅटरी मात्र नको, ती सेल्फ मारायला दोन सेकंद भरपूर करंट देण्यासाठी बनवलेली असते, रात्रभर हळूहळू रिकामी व्हायला नाही.

पॅनल ७५ ते १०० वॅटचं बास, एप्रिल-मेचं ऊन कडक असतं. कलमांच्या सावलीत मात्र लावू नका, पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर फांदीची सावली आली तरी अख्ख्या पॅनलची वीज कितीतरी पडते. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी नीट चार्ज करणारा डबा, हवाच, त्याला आधी बॅटरी जोडा आणि मग पॅनल, काढताना उलटं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्यूज. १२ व्होल्ट शॉक देत नाहीत म्हणून लोक निर्धास्त होतात, पण बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओतू शकते, वायर लाल होते, आणि मांगरात तर सगळा सुका पेंढा! बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आतच १० अँपिअरचा फ्यूज घाला, वायर किमान १.५ स्क्वेअर एमएमची घ्या आणि बॅटरी पेंढ्यापासून लांब, फळीवर ठेवा.

मिरगाच्या आधी सगळं उतरवून घरी न्यायचं. लेड-ॲसिड असेल तर फुल चार्ज करून ठेवा आणि पावसाळ्यातही दर महिन्या-दोन महिन्यांनी परत चार्ज करा, नाहीतर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. लिथियम मात्र निम्मी भरलेलीच ठेवायची, कंट्रोलरपासून सोडवून.