झाडाला निजवणारी माणसं

दिवे घाट चढून वर आलं की पुण्याची हवा मागे राहते. गेल्या मे महिन्यात मामांकडे गेले होते, सासवडच्या पुढे एका वाडीवर. त्यांची अंजिराची बाग बघून पोटात कालवलं. पानं गळालेली, फांद्या राखाडी, बुंध्याभोवतीची माती नांगरून उन्हात तापत टाकलेली. विहिरीला पाणी होतं, तरी पाट कोरडा ठणठणीत.

"मामा, बाग गेली का हो?"

"जातीय कशानं? ताणावर धरलीय. निजवलीय म्हण."

माझ्या गच्चीवर ड्रममध्ये डाळिंबाचं झाड आहे. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, महिन्याला खत. तीन वर्षं झाली, नुसता पाला. मामांना सांगितलं तर म्हणाले, "लाड करतीयास. पोट भरल्यावर ते फुलंल कशाला?"

मामांचं म्हणणं वनस्पतीशास्त्रालाही मान्य आहे. ताण म्हणजे मुद्दाम तोडलेलं पाणी. मुळांना पाणी कमी पडायला लागलं की पानांची तोंडं, म्हणजे पर्णरंध्रं, मिटतात. शेंडा वाढायचा थांबतो. पण पानं काही काळ अन्न बनवतच राहतात आणि ते वाढीवर खर्च न होता फांद्यांत साठतं. वाढ रेटणारी जिबरेलिनसारखी संप्रेरकं ओसरतात आणि डोळे, म्हणजे फांदीवरचे नवे कोंब फुटायचे ठिपके, पालवीऐवजी फुलाच्या वाटेला लागतात. मग पानं गळतात. यानंतर छाटणी, शेणखत आणि पाणी दिलं की झाड खडबडून जागं होतं आणि फुलतं. यालाच बहार धरणं म्हणतात. जमीन मुरमाड असेल तर ताण लवकर बसतो. काळ्या भारी जमिनीत ओल खोलवर टिकते, त्यामुळे महिना-दोन महिने वाट बघावी लागते.

डाळिंबाचे बहार तीन: मृग, हस्त आणि आंबे. दोघांची नावं नक्षत्रांवरून, तिसऱ्याचं आंब्याच्या मोहोरावरून. कोणता धरायचा हे विहीर ठरवते. उन्हाळ्यात पाणी पुरणार असेल त्याने आंबे बहार धरावा, नसेल त्याने पावसाच्या भरवशावर मृग. पुरंदरच्या अंजिराला, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, दोन बहार असतात, खट्टा आणि मीठा. पावसाळ्यात वाढतं ते खट्ट्याचं फळ. उन्हाळ्याच्या तोंडाशी येतं ते मीठ्याचं, आणि नावाप्रमाणे गोडही तेच.

हेच मामा मुळशीत असते तर त्यांनी अंजिराचा नाद केला नसता. ताम्हिणीकडे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि खट्ट्याचं फळ झाडावरच कुजलं असतं. तिथे मे महिन्यात राब भाजायचा, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा, जुलैत चिखलात भाताची लावणी करायची. पुणे शहरात ७०० मिलिमीटरच्या आसपास, बारामती-इंदापूरकडे त्याहूनही कमी. ढग सह्याद्रीवर चढताना थंड होतात आणि रिकामे होऊन पुढे येतात. एका जिल्ह्यात, एका दिवसाच्या एसटी प्रवासात, चिखलातला भात, अंजीर आणि काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर उभी राहणारी रब्बी ज्वारी असं सगळं दिसतं.

जगभरची शेती बघताना आपण पहिल्यांदा विचारतो की तिथे काय पिकतं. मला वाटतं, पीक तिथे थांबतं कशाने हे आधी विचारावं. कुठे थंडी थांबवते, कुठे कोरड, आणि काही ठिकाणी कुणीच थांबवत नाही.

हवामानाचे प्रकार पाडणारा व्लादिमीर कोपेन हाच धागा धरून गेला होता. सेंट पीटर्सबर्ग आणि क्रिमिया यांच्यातल्या प्रवासात बदलत जाणारी झाडी त्याने पाहिली. आपला पहिला नकाशा त्याने १८८४ मध्ये काढला. त्याच्या मुख्य वर्गांपैकी बाकी सगळे तापमानावर बेतलेले आहेत, फक्त एक, कोरड्या प्रदेशांचा, पाण्यावर. आपलं पुणे बरोबर त्या कोरड्या वर्गाच्या सीमेवर येतं.

थंडी थांबवते तिथली झोप मोजून घेतलेली असते. मार्केट यार्डात काश्मीर-हिमाचलचं जे लालचुटुक डेलिशस सफरचंद येतं, त्याच्या झाडाला साधारण हजार तास सात अंशांच्या खालची थंडी लागते. हा हिशोब झाड ठेवतं कारण जानेवारीत चार दिवस ऊन पडलं म्हणून फुललं आणि फेब्रुवारीत पुन्हा बर्फ आला, तर वर्ष वाया. थंडीचे तास पुरे झाल्याशिवाय डोळा उघडायचाच नाही, हा त्यावरचा बंदोबस्त. हिमाचलात आता खालच्या पट्ट्यात हे तास कमी भरतात, म्हणून बागा वर किन्नौर, लाहौलकडे सरकत आहेत.

गव्हाचंही तसंच. रशिया-युक्रेनच्या गवताळ पट्ट्यात पेरतात तो हिवाळी गहू शरद ऋतूत उगवतो आणि बर्फाच्या गोधडीखाली पडून राहतो. गोधडीच म्हणायचं, कारण बर्फ आतली ऊब धरतो. काही आठवडे थंडी खाल्ल्याशिवाय तो ओंबीवर येत नाही. १८७४ मध्ये क्रिमियाच्या परिसरातून मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं अमेरिकेत कॅन्ससला गेली, त्यांनी 'टर्की रेड' नावाचा असाच गहू नेला. तिथला हिवाळा त्याला मानवला आणि तो त्या भागाचं मुख्य पीक होऊन बसला. आपला गहू ही अट घालत नाही. पण दाणे भरताना गारवा हवाच. २०२२ च्या मार्चमध्ये उत्तरेत उष्मा चढला, दाणे आक्रसले आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबवली.

द्राक्षाची गंमत न्यारी. वेल मुळात थंडीने झोपणारी. फ्रान्समध्ये हिवाळा तिला निजवतो आणि वर्षाला एक छाटणी भागते. जुन्नर-नारायणगावात असा हिवाळा नाही, म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा कात्री चालवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी: जुनं लाकूड खरडून नव्या काड्या वाढवायच्या. उन्हाळ्याच्या भरपूर उजेडात त्या काड्यांच्या डोळ्यांत घड दडून बसतो. पावसाळा भुरी, केवडा या बुरशीच्या रोगांपासून पानं सांभाळण्यात जातो. मग ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी, आणि राखलेल्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावायचं. थंडीने जे काम केलं असतं ते या औषधाकडून करून घ्यायचं. फळ भरतं ते कोरड्या दिवसांत. सगळा आटापिटा त्यासाठीच, घडावर पाऊस नको. ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को खोऱ्यात तर हिवाळाही नाही आणि पाऊसही बेताचा. तिथे पाणी तोडून आणि छाटून वर्षाला दोन पिकंही काढतात.

त्याहून पुढे गेले इंडोनेशियातल्या जावा बेटावरचे लोक. विषुववृत्तापासून जेमतेम आठ अंश दक्षिणेला, बातू नावाच्या डोंगराळ गावाभोवती, ते सफरचंद पिकवतात. थंडी नाही, ताण बसावा इतकी कोरडही नाही. तोड झाली की काही आठवड्यांत झाडाची सगळी पानं हाताने ओरबाडून काढतात. डोळे गाढ झोपेत जायच्या आतच फुटतात. हजार तासांची अट असलेलं झाड थंडीवाचून वर्षाला दोनदा फळतं. मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मजूर किती लागत असंल?"

आणि झोप नसली की काय होतं, हेही त्याच बेटावर दिसलं. भाताला तिथे बाराही महिने पाणी आणि ऊब. एका खाचरात लावणी, शेजारी कापणी. मग भाताचा रस शोषणाऱ्या तपकिरी तुडतुड्यालाही बाराही महिने जेवण. औषधं मारावीत तर त्याला खाणारे कोळीच आधी मरतात. १९८६ मध्ये इंडोनेशियाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. शेजारच्या बालीत शेतकऱ्यांचे 'सुबाक' हे पाणीवाटप संघ आधीपासून ठरवून एकदम लावणी करत आले आहेत आणि एकदम जमीन पडीक टाकत आले आहेत. सगळ्यांची खाचरं एकाच वेळी रिकामी झाली की कीड उपाशी मरते. आपल्याकडे तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा उठल्या, तेव्हा एकच बहार घ्या आणि मग झाडाला तीन-चार महिने विश्रांती द्या, असंच सांगितलं गेलं. एरवी बाजारात भाव असला की विश्रांती कुणाला सुचत नाही, हेही खरंच.

पुण्याला परतल्यावर मी डाळिंबाचं पाणी तोडलं. मामांनी सांगितलं होतं, "डरमात माती ती केवढी, आठ-धा दिस बास." चौथ्या दिवशी पानं मलूल झाली, सहाव्या दिवशी कडा पिवळ्या पडल्या. मी खूश. सातव्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले तर माती ओली, ड्रमखालून ओघळ आलेला, आणि आई रिकामी कळशी घेऊन जिन्याच्या दाराशी उभी.

"असं काय बघतेस? तहानलं होतं गं ते."