किशोरवयीनांच्या स्मार्टवॉचवरील हृदयनोंदी

मनगटी घड्याळाने टिपलेली हृदयगती, ठोक्यांची लय आणि त्यांतील चढउतार यांचा निरोगी किशोरवयीन मुलामुलींच्या बाबतीत लावायचा अर्थ. या घड्याळांतील बरेचसे इशारे प्रौढांना समोर ठेवून आखलेले असतात. मुलांच्या हातात ती येतात वाढदिवसाला, नाहीतर आईबाबांनी नवे घेतल्यावर जुने म्हणून. मोजपट्टी चाळिशीची आणि हृदय पंधरा वर्षांचे, या विजोडातून घरोघरी बरीच निष्कारण घबराट होते.

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो. रक्त तो शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. म्हणजे घड्याळाला दिसते ती मनगटापर्यंत पोचलेली नाडी. हृदय त्याला दिसत नाही. मधूनच एखादा ठोका वेळेआधी पडला, तर हृदय पुरते भरलेले नसते, रक्ताची लाट दुबळी येते आणि घड्याळ ती गाळते. एकाआड एक ठोका असा पडू लागला, तर हृदय मिनिटाला ८० वेळा धडकत असताना पडद्यावर ४० दिसू शकतात. याच्या उलट चूक धावताना होते. हाताच्या हेलकाव्यांची लय ठोक्यांची लय समजली जाते, आणि पावले मिनिटाला १७० पडत असतील तर हृदयगतीही १७०च्या आसपास चिकटून बसते. पट्टा सैल असला की हे हमखास होते. ढोलपथकात टिपरू मारणाऱ्या हातातल्या घड्याळावर तर मुळीच विसंबू नये.

काही घड्याळांत दुसऱ्या हाताचे बोट कडेच्या बटणावर टेकवून ३० सेकंदांचा इसीजी काढता येतो. त्यात हृदयाकडे एकाच दिशेने पाहिले जाते, रुग्णालयातील इसीजीत बारा दिशांनी. ॲपलच्या घड्याळातील इसीजी आणि अनियमित लयीचा इशारा यांना अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळाली ती २२ वर्षे व त्यापुढील वयासाठी. ठोके फार वाढल्याचा वा फार घटल्याचा इशारा मात्र १३ वर्षांपासून मिळतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲपल हार्ट स्टडी’त ४,१९,२९७ जण सहभागी होते, तेही सगळे २२ वर्षांवरचे. अनियमित लयीचा इशारा ज्या विकारासाठी आहे, तो एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय विस्कटणे) प्रामुख्याने उतारवयातला. निरोगी किशोरवयात तो इतका विरळा, की त्या वयात असा इशारा आला तर तो चुकीचा असण्याचीच शक्यता जास्त.

शिवाय या वयात लय थोडी अनियमित असणे स्वाभाविकच आहे. शांत बसून मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तीन बोटे ठेवावीत आणि सावकाश खोल श्वास घ्यावा. श्वास आत जाताना ठोके घाई करतात, सोडताना रेंगाळतात. कार्ल लुडविग यांनी हा बदल १८४७ मध्ये नोंदवला. आज त्याला सायनस ॲरिथमिया म्हणतात. हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचा श्वासागणिक कमीजास्त होणारा ताबा हे त्यामागचे कारण. मुलांत आणि तरुणांत हा फरक ठळक असतो आणि वयाबरोबर ओसरतो. त्यामुळे स्वस्थ बसलेल्या मुलीच्या घड्याळावर आकडा थोड्या वेळात ६८ वरून ८८ वर गेला आणि परत खाली आला, तर त्यात काळजीचे काही नाही. चार उड्या मारल्या की लय एकसारखी होते.

आकड्यांचे म्हणाल तर जागेपणी, विश्रांतीत ६० ते १०० हा सर्वसाधारण पल्ला. झोपेत ठोके पन्नाशीत उतरतात. रोज पोहणाऱ्या किंवा कबड्डीचा सराव करणाऱ्यांत चाळिशीतही. अशा मुलाला रात्री तीन वाजता कमी ठोक्यांचा इशारा आला म्हणून त्याला झोपेतून उठवू नये. व्यायामाच्या भरात २०० पर्यंत मजल जाते. ‘२२० वजा वय’ हे सूत्र पंधराव्या वर्षी २०५ सांगते, पण ते सरासरीचे आहे. ती धोक्याची रेषा मानायचे कारण नाही. उठून उभे राहिल्यावर ठोके वाढतातच. ही वाढ ४० किंवा त्याहून जास्त असेल, उभे असेपर्यंत टिकत असेल आणि सोबत गरगरणे, थकवा असा त्रास किमान तीन महिने चालला असेल, तर ‘पॉट्स’ या विकाराचा विचार डॉक्टर करतात.

विश्रांतीतही ठोके सतत शंभरीपार राहात असतील, तर आधी साधी कारणे पाहावीत. ताप एक अंश सेल्सिअस चढला की ठोके दहाएक वाढतात. अपुरे पाणी, परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण, दम्याचा पंप, एनर्जी ड्रिंक ही आणखी काही. भारतात अशा पेयांत लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते. म्हणजे पाव लिटरच्या डब्यात ७५. आपल्याकडे रक्तक्षयाकडे मात्र फार दुर्लक्ष होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. रक्त कमी असले की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त धडकावे लागते. त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञाची वेळ घेण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घेणे शहाणपणाचे.

घड्याळाचा खरा उपयोग होतो तो एसव्हीटीसारख्या (हृदयातील विद्युत बिघाडाने ठोके एकाएकी वेगात पडण्याच्या) विकारात. मूल बसलेले असते, बटण दाबल्यासारखी धडधड सुरू होते, ठोके १८० ते २२० वर जातात आणि तितक्याच अचानक थांबतात. दवाखाना गाठेपर्यंत सगळे शांत झालेले असते आणि तिथला इसीजी बहुधा सामान्य निघतो. अशा वेळी घड्याळात पकडलेला ३० सेकंदांचा आलेख, वय २२ च्या आत असले तरी, डॉक्टरांना दाखवण्याजोगा असतो.

पळताना शुद्ध हरपणे, श्रम करताना छातीत दुखणे, कुटुंबात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास घड्याळ काय म्हणते याला महत्त्व नाही. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार किंवा लाँग क्यूटी (ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागण्याचा विकार) घड्याळाच्या ‘सामान्य’ निकालामागे दडून राहू शकतात. तिथे रुग्णालयातला बारा दिशांचा (बारा लीडचा) इसीजी आणि टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, यांना पर्याय नाही. एरवी, एखादा आकडा खटकला तर मुलाला पाच मिनिटे बसवावे, पट्टा घट्ट करावा, नाडी बोटांनी पूर्ण मिनिटभर मोजावी आणि त्या वेळी मूल काय करत होते ते वेळेसकट लिहून ठेवावे. सतत पडद्याकडे पाहून धास्तावणाऱ्या मुलाचे इशारे सेटिंगमध्ये जाऊन बंद करण्यास बालरोगतज्ज्ञांची सहसा हरकत नसते.