सेकंडरी एअर काढली की ॲव्हरेज वाढतं?

जुन्या कार्बोरेटरवाल्या बाइकवर सिलिंडरच्या डोक्याकडे जाणारी एक जादाची रबरी नळी दिसते, हीच सेकंडरी एअरची नळी. "ती काढून टाका, पिकअप सुधारेल, ॲव्हरेज वाढेल," हा सल्ला गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं मिळतो. त्यात तथ्य नाही.

ही नळी स्वच्छ हवा सोडते ती एक्झॉस्ट पोर्टमध्ये (इंजिनातून धूर बाहेर पडण्याच्या वाटेत), म्हणजे पेट्रोल जळून ताकद मिळून गेल्यानंतर. तिथल्या गरम धुरात उरलेला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन या ऑक्सिजनमुळे जळतं. बाइकवर यासाठी पंपही नसतो. एक्झॉस्टच्या ठोक्यांमधली ओढ रीड व्हॉल्व्हमधून (एकाच दिशेने हवा सोडणाऱ्या झडपेतून) हवा खेचते. इंजिनावर भारच नाही, मग काढून वाचणार काय?

समजूत टिकली ती सायलेन्सरमधल्या फटफट आवाजामुळे. थ्रॉटल सोडल्यावर व्हॅक्यूमवर चालणारा व्हॉल्व्ह ही हवा बंद करतो. त्याचा पडदा फाटला की हवा बंद होत नाही, फटाके वाजतात, आणि यंत्रणा काढली की थांबतात. गिऱ्हाईक खूश! पण बिघाड एका पडद्याचा किंवा तडकलेल्या नळीचा होता.

काढताना व्हॅक्यूमची बारीक नळी उघडी राहिली, तर इंजिन जास्तीची हवा ओढतं, मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं आणि आयडलिंग बिघडतं. (मग कार्बोरेटरला दोष!) पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडाही चढू शकतो, 2000 नंतरच्या जुन्या बाइकना मर्यादा 3.5 टक्के आहे. आधी नळ्या आणि रीड व्हॉल्व्ह तपासून घ्या.